मिरजेहून ग्वाल्हेर, इंदूरमार्गे

गाणं शिकवताना आमच्या बाई एक वाक्य हमखास म्हणायच्या, "हे ग्वाल्हेरचं आहे, इथे घाई चालायची नाही." मिरजेत, त्यांच्या माडीवर, वयाच्या आठव्या वर्षापासून मी हे ऐकत आले. आम्ही शिकायचो त्या गायकीच्या घराण्याचं नाव ग्वाल्हेर. त्या नावाचं शहर आहे हे माहीत होतं, पण कानाला ते गावाचं नाव वाटतच नसे. ते ठहरावाचं दुसरं नाव वाटायचं. एम.एस्सी.साठी इंदूरला आले, रूममेट मिळाली ती ग्वाल्हेरच्या लष्करमधली मराठी मुलगी, आणि गेली दीड वर्षं ती म्हणत होती, "चल नं एकदा घरी. आजी रोज विचारून राहिली आहे." संक्रांतीनंतरच्या शनिवार-रविवारी शेवटी योग आला.

आम्ही चौघी होतो. ती, मी, गणित करणारी केरळची मैत्रीण आणि बऱ्हाणपूरची एक, जिला प्रवासात पहिली चौकशी नाश्त्याची करायची असते. शुक्रवारची रात्रीची गाडी, मक्सी, गुना, शिवपुरीवरून. गुन्याच्या पुढे कधीतरी गाडीचा वेग पडला तो पडलाच. पहाटे खिडकी पुसली तर बाहेर काही नव्हतंच, नुसतं पांढरं. जानेवारीतलं उत्तरेकडचं धुकं मी पहिल्यांदाच पाहत होते. गाडी तीन तास उशिरा पोचली. मिरजेतून आणलेला माझा स्वेटर या थंडीपुढे अगदीच दुबळा ठरला. स्टेशनबाहेर बेडई, म्हणजे डाळीची पुरी, आणि बटाट्याची तिखट रस्साभाजी खाल्ली, द्रोण दोन्ही हातांत धरून, अर्धं पोटासाठी आणि अर्धं ऊब म्हणून.

लष्कर हे खरोखरच लष्कर होतं. दौलतराव शिंद्यांनी १८१० मध्ये किल्ल्याच्या दक्षिणेला फौजेची छावणी टाकली, तंबूंचे वाडे झाले, वाड्यांचं शहर झालं, पण नाव तेच राहिलं. रिक्षातून जाताना पाट्या वाचत होते. फालके बाजार. खासगी बाजार. चिटणीस की गोठ. ती 'की' ऐकून मला फार गंमत वाटली आणि थोडं भरूनही आलं. चिटणीस आपले, गोठ म्हणजे वस्ती, तीही आपली, मधे एक हिंदी अक्षर. दोनशे वर्षांत माणसांनी काय काय सांभाळलं आणि काय सोडलं, ते एका पाटीत मावलं होतं.

आजी दारातच उभ्या होत्या. नऊवारी नाही, साधी सुती साडी, वर जाड लोकरी शाल, पायात मोजे. "या, या. केव्हाची वाट पाहून राहिले मी. धुक्यात अटकली असेल गाडी." केरळच्या मैत्रिणीशी त्या हिंदीत बोलल्या, नातीशी मराठीत, दूधवाल्याशी तिसऱ्याच बोलीत, आणि एकातून दुसऱ्यात जाताना त्यांना जराही थांबावं लागत नव्हतं. जेवणात आमटी-भात होता, पण सोबत शेंगदाण्याच्या चटणीऐवजी कोथिंबिरीची हिरवी चटणी, आणि पोळीला त्या मधेच 'फुलका' म्हणत. इकडे महाराष्ट्रात अशा मराठीला नावं ठेवणारे मी पाहिलेत. मला ते कधीच पटलं नाही, आणि त्या दुपारनंतर तर अजिबात पटणार नाही. चार बाजूंनी हिंदी असताना सात पिढ्या घरात मराठी बोलत राहणं हे सोपं काम नाही.

दुपारी जयविलास महाल पाहिला. १८७४ चा, जयाजीराव शिंद्यांच्या काळचा, मायकल फिलोज या वास्तुविशारदाचा. दरबार हॉलमधली दोन झुंबरं प्रत्येकी साडेतीन टन वजनाची सांगतात, आणि ती टांगण्याआधी छत पेलेल का हे बघायला वर हत्ती चढवले होते अशी गोष्टही सांगतात. जेवणाच्या लांब टेबलावर रूळ आहेत, त्यांवरून चांदीची छोटी आगगाडी पाहुण्यांपुढे पेयं नि सिगार फिरवायची. सगळं झगझगीत आहे. मी मात्र सारखी घड्याळाकडे बघत होते, कारण मला उजेड असेपर्यंत हजिऱ्याला, तानसेनाच्या कबरीपाशी, पोचायचं होतं.

तानसेनाची कबर केवढीशी आहे! फोटोत पाहिलेली मोठी इमारत त्यांची नाहीच, ती महंमद गौस या सूफी संताची. घुमट, कोपऱ्यांवर षट्कोनी मनोरे, आणि चारी बाजूंना दगडी जाळ्या, इतक्या बारीक की दगडाला कुणी सुई-दोऱ्याने विणलंय असं वाटावं. आत उभं राहिलं की जाळीतून येणारा उजेड जमिनीवर उतरतो, आणि त्या दिवशी धुकं विरून नुकतंच कोवळं ऊन पडलं होतं. तानसेन त्याच आवारात बाजूला, उघड्या खांबांच्या लहान मंडपाखाली. शेजारी चिंच. तिचा पाला खाल्ला की गळा गोड होतो अशी श्रद्धा, आणि गवयांनी तो इतका खाल्ला की मूळचं झाड टिकलं नाही. आता आहे ते नंतरचं. खाली पडलेली चार पानं मी उचलली. आंबट होती. दोन खाल्ली, दोन बाईंसाठी वहीत ठेवली. दर डिसेंबरात इथे तानसेन समारोह होतो. आमच्या मिरजेतही मीरासाहेबांच्या दर्ग्यात उरुसाला रात्र रात्र गाणं चालतं, अब्दुल करीम खाँसाहेबांच्या आठवणीत. दोन्ही गावांत गाण्याने पीराच्या दारात जागा मागितली आणि ती मिळाली. केरळची मैत्रीण म्हणाली, "तू इतकी गप्प का?" काय सांगणार होते?

घरी परतलो तर हळदीकुंकू सुरू होतं. पंधरा-वीस बायका, बहुतेक साठीपुढच्या. वाण म्हणून प्रत्येकीच्या हातावर गजकाची पुडी. तिळगूळ घ्या, गोड बोला तसंच, फक्त तिळगुळाचं रूप इथलं. बायका पांगल्यावर आजींनी विचारलं, "तू मिरजेची नं? गातेस म्हणे." मी म्हटलं, शिकत होते, इंदूरला आल्यापासून सुटलंय. "सुटत नसतं काही. गा."

भूप रागातली मध्यलयीची एक बंदिश म्हटली, बाईंनी शिकवलेली, सोळा मात्रांच्या तीनतालातली. तंबोरा नव्हता, फोनवरच लावला. दोन आवर्तनं झाली आणि आजींनी हात वर केला. मला वाटलं चुकलं. त्या म्हणाल्या, "छान. पण तू खालीला उचलतेस." आणि मग त्यांनी तीच बंदिश म्हटली. शब्द तेच, चाल तीच. मी मुखडा, म्हणजे समेकडे नेणारा बंदिशीचा पहिला तुकडा, नवव्या मात्रेला, म्हणजे टाळी नसलेल्या 'खाली'ला उचलते. त्या सातव्याला उचलत होत्या. दोनच मात्रांचा फरक. पण त्या दोन मात्रा आधी निघाल्यामुळे सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, येईपर्यंत पहिला स्वर लांबवायला जागा मिळत होती, आणि ती जागा त्या पुरेपूर घेत होत्या. आवाज थकलेला, वरच्या षड्जाला कापरा होणारा. पण समेवर येताना इतक्या निवांत येत की आम्हा चौघींचीही मान एकदमच हलली.

आजी माधव संगीत महाविद्यालयात शिकल्या. १९१८ मध्ये माधवराव शिंदे आणि भातखंड्यांनी उभं केलेलं. ग्वाल्हेर घराण्याच्या कृष्णराव शंकर पंडितांना त्यांनी समोर बसून ऐकलं होतं. आणि मग मी त्यांना आमच्याकडची बाजू सांगितली, जी त्यांना अर्थातच माहीत होती. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर गाण्यासाठी वणवण करत इकडे आले, वासुदेवबुवा जोश्यांकडे शिकले, आणि ते गाणं घेऊन परत गेले. मिरजेत राहिले, तिथे विष्णु दिगंबर पलुसकरांसारखे शिष्य घडवले. महाराष्ट्रात ग्वाल्हेरचा ख्याल घरोघर पोचला तो या वाटेने. "म्हणजे बघ," आजी म्हणाल्या, "आमची माणसं तलवार घेऊन इकडे आली. तुमचा बुवा इकडून गाणं घेऊन गेला." मी फोनवर त्यांची बंदिश ध्वनिमुद्रित करायची परवानगी मागितली. त्यांनी आधी पाणी प्यायलं, शाल नीट केली, मग गायल्या.

रविवारी सकाळी लवकर किल्ला. गाडीने उरवाई दरवाजाकडूनही जाता येतं, तिथे कड्यात कोरलेल्या जैन तीर्थंकरांच्या प्रचंड मूर्ती आहेत. पण आम्ही ग्वाल्हेर दरवाजाकडून चालत चढलो, कारण आमच्या गणितवालीला एकच गोष्ट बघायची होती. चढाच्या वाटेवर, अखंड खडकातून कोरलेलं चतुर्भुज मंदिर, जेमतेम एका खोलीएवढं. लोक समोरून चढून जातात, वळूनही बघत नाहीत. आतल्या भिंतीवर संवत ९३३ चा, म्हणजे इ.स. ८७६ चा शिलालेख आहे. देवाच्या फुलबागेसाठी २७० हात लांब आणि १८७ हात रुंद जमीन दिली, रोज ५० माळा द्यायच्या, अशी नोंद. २७० आणि ५० मधली शून्यं आजच्यासारखीच लिहिलेली. ज्यांची तारीख नक्की ठाऊक आहे अशा अगदी जुन्या शून्यांपैकी ही.

ओळी शोधायला वेळ लागला. अक्षरं मला वाचता येईनात. मग रूममेटने मोबाइलचा उजेड तिरका धरला आणि दोन, सात आणि त्यापुढे एक इवलासा गोल उठून दिसला. दोन आणि सात ओळखू आले! हजाराहून जास्त वर्षांपूर्वीचा आकडा, आणि मी तो पहिलीतल्या पाढ्यांसारखा वाचला. गणितवाली काही बोलली नाही. तिने बोट भिंतीला न लावता, हवेतच तो गोल दोनदा गिरवला. मला सगळ्यात आवडली ती ५० माळांची गोष्ट. एवढं मोठं शून्य आपल्यापर्यंत आलं ते कुठल्या ग्रंथातून नाही, माळी आणि देऊळ यांच्यातल्या हिशेबातून.

वर मानमंदिर. मानसिंह तोमरांचं (१४८६ ते १५१६), ज्यांच्या दरबारात ध्रुपदाला मोठा आश्रय मिळाला. बाहेरच्या भिंतीवर निळ्या फरश्यांचे पट्टे, पिवळ्या बदकांची रांग, केळीची झाडं, हत्ती. पाचशे वर्षांच्या उन्हापावसात तो निळा अजून निळा आहे. खाली तळघरं, झोपाळ्याच्या कड्या अजून छताला. मुघलांनी पुढे त्याचाच कैदखाना केला, औरंगजेबाने सख्ख्या भावाला, मुरादला इथेच ठेवलं आणि १६६१ मध्ये मारलं. बऱ्हाणपूरची मैत्रीण तिथून लगेच वर आली. मला तिचं पटलं. सास-बहू देवळं आणि तेली मंदिर यांना आम्ही धावती भेट दिली, ज्याची खंत आहे. तेली मंदिराला एक अख्खी सकाळ द्यायला हवी.

खाली उतरून फुलबागेत झाशीच्या राणीच्या समाधीपाशी थांबलो. १८५८ च्या जूनमध्ये ग्वाल्हेरजवळच्या लढाईत ती पडली. राजकवी भा. रा. तांबे याच शहरात राहिले, इथेच १९४१ मध्ये गेले, आणि या जागेवरची त्यांची कविता आम्ही शाळेत पाठ केली होती. आमच्यातल्या दोघींना ती येत होती. हळू आवाजात म्हटली. त्या लढाईत शिंदे इंग्रजांच्या बाजूला होते, हेही त्याच शहराचं खरं आहे. रूममेट म्हणाली, "घरात यावर अजून वाद होतात." व्हावेत, असं मला वाटतं.

गाडीआधी तास उरला होता, तो गजकाच्या दुकानात गेला. मागे कारखाना होता, मालकांनी बघू दिला. गुळाचा पाक भिंतीतल्या खिळ्याला अडकवून एक माणूस ओढत होता, दुमडत होता, पुन्हा ओढत होता. तांबूस पाक बघता बघता फिकट, रेशमी झाला. मग भाजलेले तीळ, आणि चार जण गोल बसून लाकडी हातोड्यांनी कुटायला लागले. आळीपाळीने, एकाचा हातोडा उठला की दुसऱ्याचा पडे, एकमेकांना न बघता. थर पातळ होत गेले. गरम तुकडा हातावर ठेवला तो जिभेवर जाईपर्यंत सुटलाच. माझं लक्ष ठोक्यांकडे होतं. चार जणांचे चार ठोके, तीनतालाचा एक विभाग. मी मनातल्या मनात सातव्याला मुखडा उचलून बघितला. दोनदा हुकला. तिसऱ्यांदा आला.

सोमवारी इंदूरहून बाईंना फोन केला आणि आजींचं ध्वनिमुद्रण ऐकवलं. पलीकडून बराच वेळ काहीच आलं नाही. मला वाटलं फोन कट झाला.

"आहेस का?" बाई म्हणाल्या. "मुखडा परत लाव."