मापात पाप कुठे होतं? प्रोसेसरच्या काउंटरमागे घालवलेले दिवस

जुलैच्या पहिल्या आठवड्यात मी आमच्या सॉल्व्हरमधला, म्हणजे गणितं सोडवणाऱ्या प्रोग्राममधला, एक लूप बदलला. आम्ही फाउंड्रीवाल्यांसाठी सॉफ्टवेअर लिहितो. साच्यात ओतलेलं बीड कुठून कसं गार होत जाईल, आत कुठे पोकळी राहील, हे ओतकामाआधीच हिशोबाने सांगायचं, हे आमचं काम. ऑफिस कर्वे रस्त्याच्या आतल्या बाजूला, गिऱ्हाईक बहुतेक भोसरी-चाकणचं. तापमानाचा मोठा त्रिमितीय ग्रिड असतो. आधी आम्ही तो या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग फिरायचो. मी तो लहान लहान ठोकळ्यांत तोडला, म्हणजे कॅशमध्ये, प्रोसेसरजवळच्या छोट्या वेगवान मेमरीत, एकदा आलेला डेटा बाहेर पडायच्या आत पुरता वापरून होईल. घड्याळ लावून पाहिलं तर वेळ साधारण अकरा टक्क्यांनी कमी झाला होता. पर्फ या मोजणीच्या साधनाने पाहिलं तर कॅश मिस, म्हणजे डेटा कॅशमध्ये न सापडण्याचे प्रसंग, वाढले होते.

वेळ कमी आणि मिस जास्त, हे एकत्र घडूच शकत नाही असं नाही. पण मग वेळ वाचला कशामुळे, हे मला सांगता येईना. कारण सांगता येत नाही असा बदल मी मुख्य कोडमध्ये टाकत नाही, मग तो कितीही फायद्याचा दिसो. म्हणून मी आकड्यांच्या मागे लागले.

ज्यांचा याच्याशी संबंध आलेला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. प्रोसेसरच्या आतच मोजणीसाठी वेगळी रजिस्टर असतात. किती इन्स्ट्रक्शन पूर्ण झाल्या, किती सायकल (घड्याळाचे ठोके) गेल्या, किती वेळा डेटा कॅशमध्ये सापडला नाही, हे ती चालता चालता मोजतात. लिनक्समध्ये २००९ पासून, म्हणजे त्याच्या गाभ्याच्या, कर्नलच्या, २.६.३१ आवृत्तीपासून, पर्फ या साधनाने ती वाचता येतात. आमचं मशीन जुनं, इंटेलच्या हॅसवेल पिढीचं, ४ कोअर आणि ८ थ्रेडचं, म्हणजे एका कोअरवर दोन कामं एका वेळी चालतील असं. त्यात प्रत्येक थ्रेडला इन्स्ट्रक्शन आणि सायकलसाठी राखून ठेवलेले ३ काउंटर आहेत, आणि हवा तो इव्हेंट, म्हणजे मोजायची घटना, लावता येईल असे फक्त ४. या चारांवर सगळी मदार.

पहिला घोळ अर्ध्या तासात सापडला. माझ्या खात्यावरून मोजलं की प्रत्येक इव्हेंटच्या नावापुढे ‘:यू’ लागत होतं, म्हणजे कर्नलमध्ये गेलेलं काम मोजणीत धरलंच जात नव्हतं. शेजारच्या टेबलावरचा मुलगा रूट म्हणून, म्हणजे सर्वाधिकार असलेल्या खात्यावरून, मोजत होता आणि त्याचे आकडे वेगळे येत होते. परवानगीची सेटिंग सारखी केली, तो फरक मिटला.

दुसरा घोळ माझाच होता आणि तो मी कित्येक महिने करत आले होते. मी एका आज्ञेत दहा-बारा इव्हेंट मागायचे. काउंटर चार, मागणी बाराची. मग कर्नल काय करतो, तर दर काही मिलिसेकंदांनी पाळी बदलतो. थोडा वेळ हे चार, थोडा वेळ ते चार. शेवटी जितका वेळ मोजलं त्यावरून पूर्ण वेळेचा अंदाज काढून छापतो. ओळीच्या अगदी उजव्या टोकाला कंसात ३६ टक्के, ४१ टक्के असं लिहिलेलं असतं. तो आकडा माझ्या डोळ्यासमोर रोज होता, मी तो वाचत नव्हते. प्रोग्राम सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकाच चालीने चालत असेल तर हा अंदाज बरा निघतो. आमच्या सॉल्व्हरमध्ये आधी मॅट्रिक्स रचायचं, मग पुन्हा पुन्हा सोडवायचं, मधेच फाइलमध्ये लिहायचं. रचतानाचे मिस वेगळे, सोडवतानाचे वेगळे. पाळी कुठल्या टप्प्यावर पडली त्यावर उत्तर हलायचं.

शिवाय कर्नलचा वॉचडॉग, मशीन अडकलं तर ओळखणारा, सायकल मोजण्यासाठी एक काउंटर कायमचा अडवून बसतो. तो मोजणीपुरता बंद केला. मग चार-चार इव्हेंटचे गट केले, प्रत्येक गट वेगळा चालवला, दर गटाच्या दहा फेऱ्या. कंसातले टक्के नाहीसे झाले. टर्बो, म्हणजे कोअरचा वेग आपोआप वाढवण्याची सोय, तीही बंद केली, कारण कोअरचा वेग वाढला तरी मेमरी काही तेवढी वेगवान होत नाही. तीच मेमरीची वाट पाहणं मग जास्त सायकलींचं दिसतं आणि सकाळची मोजणी दुपारच्या मोजणीशी जुळत नाही.

आता आकडे एका जागी उभे राहायला हवे होते. एकेका बैठकीत ते राहायचेही. पण सकाळी एक उत्तर आणि संध्याकाळी दुसरंच.

माझ्या वडिलांचं कोथरूडला किराण्याचं दुकान होतं. रोज सकाळी शटर वर गेलं, उदबत्ती लागली, की गिऱ्हाईक येण्याआधी ते काट्यावर किलोचं माप ठेवायचे. लोखंडी, षटकोनी, वजन-मापवाल्यांचा शिक्का मारलेलं. ‘आज काटा कसा आहे ते बघतो,’ एवढंच म्हणायचे. साखर तोलून काटा तपासता येत नाही, कारण साखर किती आहे हेच तर काट्याला विचारायचं असतं. मी चार दिवस साखर तोलून काटा तपासत होते. सॉल्व्हरमध्ये खरे मिस किती, हे मला कुठून माहीत असणार?

गुरुवारी भोसरीला औद्योगिक सुट्टी, त्यामुळे फोन शांत असतात. त्या दिवशी मी माझं किलोचं माप बनवलं. असेंब्लीत दोनच इन्स्ट्रक्शनचा लूप: एक कमी कर, शून्य नसेल तर मागे जा. फेऱ्या बरोबर एक हजार कोटी. म्हणजे इन्स्ट्रक्शन दोन हजार कोटी, ब्रँच, म्हणजे उडी मारणाऱ्या इन्स्ट्रक्शन, एक हजार कोटी, आणि मेमरीतून वाचणं शून्य. कुठलीही लायब्ररी जोडली नाही, नाहीतर प्रोग्राम सुरू होतानाच लाखभर इन्स्ट्रक्शन आपल्या खात्यावर चढतात. टास्कसेट या आज्ञेने तो २ क्रमांकाच्या सीपीयूवर (इथे सीपीयू म्हणजे एक थ्रेड) बांधला आणि चालवला.

तीन सेकंदांत उत्तर आलं. दोन हजार कोटी आणि वर सातशे चाळीसच्या आसपास. मी ते सातशे चाळीस कागदावर लिहून बराच वेळ बघत बसले. आमच्या कर्नलचा टायमर सेकंदाला २५० वेळा टोकतो. तीन सेकंदांचे झाले साडेसातशे. प्रत्येक इंटरप्टला काउंटर एक जास्तीची इन्स्ट्रक्शन धरत होता! फेऱ्या दुप्पट केल्या, वरचा आकडाही दुप्पट झाला. नंतर शोधलं तेव्हा कळलं की व्हिन्सेंट वीव्हर आणि सॅली मॅकी यांनी २००८ मध्येच वेगवेगळ्या एक्स८६ मशीनवर हा प्रकार तपासून लिहून ठेवला आहे. दोन हजार कोटींत सातशे म्हणजे काहीच नाही, पण ते कुठून आले हे समजलं याचा मला फार आनंद झाला. त्या मशीनवर पहिल्यांदाच एक आकडा असा मिळाला होता जो शेवटच्या अंकापर्यंत माझ्या ओळखीचा होता.

मग मेमरीसाठी दुसरं माप. ६४ एमबीचा ॲरे, दर ६४ बाइटला एक वाचन. एक कॅश लाइन ६४ बाइटची, म्हणजे १०,४८,५७६ मिस यायला हवेत. आले फारच कमी. इथे काउंटरची चूक नव्हती. सरळ रेषेत वाचायला लागलं की प्रीफेचर पुढच्या लाइन आधीच ओढून ठेवतो आणि आपण पोचतो तेव्हा डेटा हजर असतो, किंवा निदान वाटेवर असतो. वाटेवरचा डेटा हा इव्हेंट मिस धरतच नाही, त्याचं खातं वेगळं आहे. म्हणून त्याच लाइन उलट्यासुलट्या क्रमाने साखळीत ओवल्या. एक वाचल्याशिवाय पुढची कुठे आहे हेच कळणार नाही, अशा. आता आकडा अपेक्षेच्या अगदी जवळ आला.

दोन्ही मापं बरोबर. मी खुशीत घरी गेले नाही, कारण संध्याकाळचा प्रश्न शिल्लक होता. बाहेर पाऊस लागला होता, तसंही निघता येणार नव्हतं. साडेसातला पहिलं माप पुन्हा ठेवलं.

इन्स्ट्रक्शन: दोन हजार कोटी आणि सातशे काही. ठीक. ब्रँच: एक हजार कोटी आणि वर काही कोटी.

काही कोटी! ज्या लूपमध्ये दोन इन्स्ट्रक्शन आहेत, त्यात ब्रँच एकच आहे, तिथे या वरच्या ब्रँच येणार कुठून? तेवढ्या ब्रँच खरंच झाल्या असत्या तर इन्स्ट्रक्शनही वाढल्या असत्या. राखीव काउंटर शहाण्यासारखा वागत होता आणि चारांपैकी एक भलतंच सांगत होता.

त्या मशीनवर सात वाजता आमच्या काकांच्या चाचण्या सुरू होतात, आणि त्यांचीही पर्फने मोजणी चालते. काका म्हणजे आमचे सर्व्हर आणि रोजच्या चाचण्या बघणारे, वयाने आम्हा सगळ्यांपेक्षा मोठे. मशीन आम्ही वाटून घेतलं होतं: ० ते ३ क्रमांकाचे सीपीयू माझे, ४ ते ७ काकांचे. कुठला थ्रेड कुठल्या कोअरमध्ये हे सांगणारी टोपॉलॉजीची फाइल उघडली तर २ आणि ६ ही एकाच कोअरची जोडी निघाली. म्हणजे वाटणी कोअरची झालीच नव्हती. प्रत्येक कोअरमध्ये एक थ्रेड माझा, एक काकांचा. एका खोलीत मधे पडदा लावून राहत होतो आणि आम्हाला वाटत होतं घरं वेगळी आहेत.

काकांना फोन लावला. ते घरी पोचले होते.

“काका, तुमच्या चाचण्यांचं काम थोडं थांबवू का?”

“अगं, थांबव की. पण आधी एक कर. नुसतं पर्फ बंद कर, चाचणी चालू राहू दे. चाचणीमुळे होतंय का मोजणीमुळे, ते तरी कळेल.”

हे मला सुचलं नव्हतं. चाचणी तशीच चालू ठेवून फक्त त्यांची मोजणी बंद केली. माझ्या ब्रँच बरोबर एक हजार कोटींवर आल्या, वर तेच सातशे-आठशे. मोजणी सुरू केली, पुन्हा काही कोटी चढले. त्यांच्या मोजणीत मेमरीचे इव्हेंट काढून फक्त सायकल ठेवल्या, आकडा परत बरोबर. मेमरीचा इव्हेंट लावला, चढला. चार वेळा करून पाहिलं. त्यांच्या थ्रेडवरच्या कॅश मिसची मोजणी पडद्याखालून माझ्या ब्रँचच्या काउंटरमध्ये येत होती.

एवढं हातात आल्यावर शोधायचं काय ते नेमकं माहीत होतं. प्रोसेसर बनवणारे स्वतःच ज्ञात त्रुटींचं पत्रक काढतात, त्यात ही नोंद आहे. तीन पिढ्यांसाठी तीन क्रमांक: बीजे१२२, बीव्ही९८, एचएसडी२९. हायपरथ्रेडिंग (एका कोअरवर दोन थ्रेड) चालू असताना मेमरीचे ठरावीक इव्हेंट, डी० ते डी३ या संकेतांचे, एका थ्रेडच्या ज्या क्रमांकाच्या काउंटरवर लावाल, शेजारच्या थ्रेडचा त्याच क्रमांकाचा काउंटर त्याने बिघडू शकतो, मग त्यावर कुठलाही इव्हेंट असो. मारिया दिमाकोपूलू आणि स्तेफान एरानियन यांनी कर्नलमध्ये यावर तोड लिहिली, ती २०१५ मध्ये ४.१ या आवृत्तीत आली. एका थ्रेडने असा इव्हेंट लावला की शेजाऱ्याला तो क्रमांक वापरूच द्यायचा नाही. किंमत अशी की असे इव्हेंट चालू असताना चारांपैकी दोनच काउंटर हाती राहतात.

आमच्या मशीनवर कर्नल ३.१३ होता. मेश (हिशोबाचा ग्रिड) बनवणाऱ्या एका जुन्या मॉड्यूलच्या डोंगलचा, म्हणजे परवान्याच्या कळीचा, ड्रायव्हर नव्या कर्नलवर चालत नाही, म्हणून कुणी हात लावला नव्हता.

आता सुरुवातीचं कोडंही सुटलं. वहीत तारखा आणि वेळा होत्या. जुना लूप मी सकाळी साडेदहाला मोजला होता, एकटीने. नवा लूप लिहून होईपर्यंत संध्याकाळ झाली, तो मोजला पावणेआठला, म्हणजे काकांच्या चाचण्या चालू असताना.

दुसऱ्या दिवशी डोंगलचं मॉड्यूल दुसऱ्या डब्यावर हलवलं आणि या मशीनला नवा कर्नल घातला. चालू होताना लॉगमध्ये एक ओळ आली, तिन्ही क्रमांक आणि पुढे, तोड लावली आहे, एचटी (हायपरथ्रेडिंग) चालू आहे. ती ओळ मी काकांना बोलावून दाखवली. मग दोन-दोन इव्हेंट लावून, काकांच्या चाचण्या चालू असताना आणि नसताना, दोन्ही लूप मोजले. नव्या लूपचे कॅश मिस जुन्यापेक्षा स्पष्टपणे कमी आहेत आणि ते संध्याकाळीही कमीच राहतात. बदल मुख्य कोडमध्ये गेला. दोन इन्स्ट्रक्शनचा तो लूप आता रोज रात्रीच्या चाचण्यांच्या आधी चालतो, आणि ब्रँच हजारांपेक्षा जास्तने चुकल्या तर पुढचं काही सुरू होत नाही.

काकांनी मात्र खुर्ची ओढली आणि त्यांच्या मोजणीचे जुने आलेख उघडले. सांडलेले आकडे काही एकाच बाजूला जात नव्हते. मी ज्या ज्या संध्याकाळी मेमरीचे इव्हेंट लावून बसले होते, त्या त्या रात्री त्यांच्या आलेखातही खड्डे आणि उंचवटे होते. त्यातल्या दोन उंचवट्यांसाठी आम्ही मार्चमध्ये एका मुलाचा बदल परत पाठवला होता.

“त्याला सांगू या,” काका म्हणाले, “आणि मार्चपासूनचे सगळे परत लावू. तुझ्याकडच्या तारखा दे मला.”

मी वही त्यांच्यासमोर ठेवली.