नोटीस आली होती, पण पाहिलीच कोणी नाही

जळगाव एमआयडीसीत एका चटई बनवणाऱ्या कारखान्यात मी अकाऊंट्स आणि कम्प्लायन्स, म्हणजे सरकारी नियमांची पूर्तता, बघते, बारा वर्षं झाली. पूर्वी सरकारी नोटीस म्हणजे रजिस्टर एडी, पोस्टमन गेटवर यायचा, वॉचमन सही करायचा, आवक रजिस्टरला नोंद व्हायची आणि दुपारपर्यंत अख्ख्या ऑफिसला कळायचं की काहीतरी आलंय. आता तसं होत नाही हो, नोटीस गुपचूप येऊन पोर्टलवर बसते.

आमच्याकडे तेच झालं. जीएसटीची नोटीस नेहमीच्या जागी नाही तर 'ॲडिशनल नोटिसेस अँड ऑर्डर्स' नावाच्या वेगळ्या टॅबमध्ये पडलेली, मेल आणि ओटीपी जुन्या अकाऊंटंटच्या नंबरवर, आणि ते तर नोकरी सोडून सुरतेला गेलेले. मला कळलं तेव्हा थेट ऑर्डरच निघालेली होती. शेठ म्हणाले, "ताई, कागद तर आलाच नाही आपल्याकडे!" पण जीएसटी कायद्याच्या कलम 169 मध्ये पोर्टलवर टाकणं हीसुद्धा नोटीस बजावायची एक पद्धत धरलीय. अपिलाला तीन महिने, फार तर वर एक महिना, तोही कारण पटलं तरच. आम्ही कसंबसं मुदतीत बसलो, वादातल्या टॅक्सचे 10 टक्के आधी भरावे लागले ते वेगळंच. त्या आठवड्यात मला नीट झोप नव्हती.

लोक म्हणतात सगळं ऑनलाइन झालं, काम कमी झालं. चकरा कमी झाल्या हे खरंय, पीएफचं चलन, ईएसआयसी म्हणजे कामगार विमा, प्रदूषण मंडळाची परवानगी, सगळं खुर्चीत बसून होतं. पण जबाबदारी आता ज्याच्या मोबाईलवर ओटीपी येतो त्याच्याकडे जाते, आणि तो माणूस कोण हे बऱ्याच ठिकाणी मालकालाच माहीत नसतं, शेठची डिजिटल सही असलेला डोंगल तर सीएंच्या ड्रॉवरमध्ये पडलेला असतो. कोऱ्या चेकवर सही करून देण्यासारखंच आहे हे, मला खरंच भीती वाटते.

दुसरं म्हणजे व्हॉट्सॲप. धुळ्याच्या एका व्यापाऱ्याने माल घेतला, ऑर्डर सगळी चॅटवर, पैसे मागितले तर म्हणे ऑर्डर दिलीच नाही. वकील साहेबांनी पहिलं विचारलं, मूळ फोन कुठाय? 1 जुलै 2024 पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झालाय, त्याच्या कलम 63 प्रमाणे असा पुरावा द्यायचा तर दोन भागांचं सर्टिफिकेट लागतं, एक आपलं, एक तज्ज्ञाचं, आणि त्यात फाईलची हॅश व्हॅल्यू. हॅश म्हणजे फाईलचा अंगठाच समजा, आतलं एक अक्षर बदललं तरी जुळत नाही. आमच्या सेल्सच्या पोराने तो फोन फॉरमॅट मारून बहिणीला दिलेला.

म्हणून आता मी आवक रजिस्टर परत सुरू केलंय, तेच लाल कापडाच्या पुठ्ठ्याचं. पोर्टल कोणतं, नंबर कोणाचा, मेल कोणता, डोंगल कोणाकडे, सगळं त्यात. दर सोमवारी सगळ्या पोर्टलचे सगळे टॅब उघडायचे, काही नसलं तरी 'निरंक' लिहून सही करायची. आणि जीएसटीला आता शेठचाच नंबर टाकलाय, ओटीपी आला की ते केबिनमधून ओरडून सांगतात.