बाबांच्या नावावरचं सिम

आईचा फोन सातारा एसटी स्टँडवर गेला. गाडीत चढताना पर्सची चेन उघडी राहिली की कुणी उघडली, ते शेवटपर्यंत कळलं नाही. फोन जुनाच होता, सात-आठ हजारांचा. तो गेल्याची हळहळ एका संध्याकाळपुरती होती. पण त्यातला नंबर परत मिळवायला आम्हाला एकोणीस दिवस लागले आणि त्या एकोणीस दिवसांचा राग अजून उतरलेला नाही.

कारण सिम बाबांच्या नावावर होतं. बाबा २०१७ साली गेले. नंबर त्यांनीच निवडून घेतलेला, शेवटचे चार आकडे त्यांच्या स्कूटरचे. ते गेल्यावर आई तोच फोन वापरू लागली आणि हळूहळू तिचं सगळंच त्या नंबरला जोडलं गेलं: बँक, आधार, फॅमिली पेन्शन, गॅस, रेशनकार्ड. रिचार्ज मी पुण्यातून मारत होते. नंबर कागदावर कुणाचा आहे, हे इतक्या वर्षांत एकदाही माझ्या मनात आलं नाही.

पहिल्या रात्रीची कामं पटापट झाली. बँकेच्या हेल्पलाइनवर सांगून यूपीआय आणि कार्ड बंद केलं. पोलिसांनी तक्रार घेऊन पोच दिली. सिम बंद करताना मात्र छातीत धडधडलं, कारण कस्टमर केअरच्या मुलीने मालकाची जन्मतारीख विचारली. बाबांची खरी तारीख घरात कुणालाच माहीत नव्हती. शाळेत घालताना गुरुजींनी लावलेली १ जून सांगितली, त्यांच्या पिढीतल्या कितीतरी जणांची असते तीच. ती जुळली आणि सिम बंद झालं. घरातल्या मोठ्या माणसांची कागदावरची जन्मतारीख लिहून ठेवा, खरी कुठलीही असो.

दुसऱ्या दिवशी आईला घेऊन मोबाइल कंपनीच्या गॅलरीत, म्हणजे त्यांच्या दुकानात गेले. काउंटरवरचा मुलगा स्क्रीनकडे बघत म्हणाला, "मॅडम, सिम ज्यांच्या नावावर आहे त्यांना घेऊन या. लाइव्ह फोटो लागतो." मी सांगितलं, ते नाहीत, वारलेत. तो म्हणाला, "मग नवीन नंबर घ्या ना, पाच मिनिटांत होईल." आई शेजारीच बसली होती, मांडीवर कागदांची पिशवी धरून.

हा नवीन नंबरचा सल्ला मला पुढे निदान पाच वेळा मिळाला. देणाऱ्यांपैकी एकानेही विचार केला नव्हता की जुना नंबर सोडून दिला की तो कायम बंद राहत नाही. बंद झाल्यावर किमान ९० दिवसांनी कंपनी तो दुसऱ्या कुणालातरी देऊ शकते. मग आईच्या खात्याचे मेसेज, तिचे ओटीपी त्या माणसाकडे जाणार. नंबर सोडायचा असेल तर आधी एकेका ठिकाणाहून तो काढून घ्यायला हवा, आणि काढायला गेलं की बऱ्याच ठिकाणी ओटीपी त्या जुन्याच नंबरवर जातो.

मृत्यूचा दाखला, आईचं आधार आणि रेशनकार्ड घेऊन तिसऱ्या दिवशी परत गेलो. आता अडचण नावाची निघाली. दाखल्यावर दत्तात्रय, कंपनीच्या नोंदीत दत्तात्रेय. इंग्रजी स्पेलिंगमध्ये शेवटी एक 'ए' जास्त, एवढाच फरक. मी बाबांचं पॅन दाखवलं, पेन्शनची ऑर्डर दाखवली. "सिस्टीम घेत नाही" हे एकच उत्तर. दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र करून आणा म्हणाले. ते केलं. त्यात आईला तहसील कचेरीबाहेर दोन तास उभं राहावं लागलं. तिचे गुडघे दुखतात.

प्रतिज्ञापत्र घेऊन गेलो तर काउंटरला दुसराच मुलगा. त्याने आईच्या आधारचा फोटो त्याच्या स्वतःच्या व्हॉट्सॲपवर पाठवायला सांगितला, "पटकन होईल" म्हणून. मी नाही म्हटलं. वाद झाला, मागच्या रांगेतले लोक माझ्याकडेच रागाने बघत होते. पण कुणाच्याही खाजगी फोनवर आधार पाठवायचं नाही, हे मी पाळते आणि तुम्हीही पाळा. शेवटी झेरॉक्स दिली, तिच्यावर 'फक्त सिम नावावर करण्यासाठी' असं आडवं लिहून, खाली तारीख आणि आईची सही. असं लिहिलेली प्रत नाकारायचं त्यांना काही कारण नव्हतं आणि नाकारलीही नाही. पहिले आठ आकडे झाकलेलं मास्क्ड आधार दिलं असतं तर बरं झालं असतं, पण ते डाउनलोड करायचा ओटीपीसुद्धा त्या हरवलेल्या नंबरवरच जात होता. आधीच काढून ठेवायला हवं होतं.

झेरॉक्सवरून आठवलं. दाखल्याची प्रिंट काढायला गॅलरीसमोरच्या दुकानात गेले होते. त्यांच्या कॉम्प्युटरवर डाउनलोडचा फोल्डर उघडा होता. अनोळखी माणसांची आधार कार्डं, एकाचं पासबुक, कुणाचातरी जातीचा दाखला, सगळं जसंच्या तसं पडलेलं. मी आमची फाइल डिलीट केली, रिसायकल बिन रिकामा केला आणि दुकानदारालाही बाकीचं काढायला सांगितलं. त्याला त्यात काही विशेष वाटलं नाही. प्रिंट हातात पडली म्हणजे काम संपलं असं समजू नका, फाइल तिथेच राहते.

तर कागद "वर पाठवलेत" असं सांगण्यात आलं. आणि मग आठ दिवस काही नाही. रोज फोन, रोज पेंडिंग. इकडे घरी सिलिंडर आला, पण डिलिव्हरीचा कोड त्याच नंबरवर. नेहमीच्या माणसाने ओळखीखातर थांबून ऑफिसला फोन लावला म्हणून सिलिंडर उतरला. हरवलेला फोन बंद करायचा राहिलाच होता. सरकारच्या संचार साथी पोर्टलवर, जे २०२३ च्या मे महिन्यापासून सगळ्यांसाठी सुरू आहे, आयएमईआय म्हणजे फोनचा ओळख क्रमांक टाकून चोरीचा फोन ब्लॉक करता येतो. पण ओटीपीसाठी आधी त्याच नंबरचं डुप्लिकेट सिम काढून घ्या असं तिथे सुचवलेलं. म्हणजे तेही अडलेलं. (आयएमईआय फोनच्या खोक्यावर असतो. आईने खोकं साड्यांच्या कपाटात जपून ठेवलं होतं, तिचे उपकार. खोकं नसेल तर आत्ताच *#०६# डायल करून नंबर वहीत लिहा.)

चौदाव्या दिवशी माझ्या ऑफिसातल्या एकाने विचारलं, "डॉकेट नंबर, म्हणजे तक्रारीचा नोंदणी क्रमांक, घेतलास का?" मी गॅलरीत भांडत बसले होते, रीतसर तक्रार नोंदवलीच नव्हती. ट्राय म्हणजे दूरसंचार नियामक, त्यांच्या २०१२ च्या नियमांप्रमाणे कस्टमर केअरने तक्रार घेतली की डॉकेट नंबर द्यावाच लागतो आणि उत्तर पटलं नाही तर कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे जाता येतं. मी त्या दुपारीच नंबर घेतला. उत्तर आलं, 'आपली विनंती प्रक्रियेत आहे'. लगेच अपील टाकलं, तारखा आणि कोण काय म्हणालं ते सगळं लिहून. तीन दिवसांनी गॅलरीतूनच फोन आला, आईंना घेऊन या. तेच कागद, तोच दाखला, तेच दत्तात्रय. या वेळी सिस्टीमने घेतलं. पहिल्याच दिवशी डॉकेट घेतला असता तर आईच्या पाच-सहा खेपा वाचल्या असत्या, याची मला खरंच फार चुटपुट लागून राहिली आहे.

लाइव्ह फोटोला आईला कॅमेऱ्यासमोर डोळ्यांची उघडझाप करायला सांगतात. तिने चष्मा काढला, पदर नीट केला आणि दोनदा डोळे मिटले. वीस मिनिटांत सिम हातात.

जुन्या नंबरचं बदललेलं सिम चालू झाल्यावर २४ तास एसएमएस बंद असतात. सिम बिघडलंय म्हणून घाबरू नका, चोराने परस्पर डुप्लिकेट सिम काढून ओटीपी पळवू नये म्हणून ती सोय आहे आणि ती मला योग्यच वाटते. दुसऱ्या दिवशी दुपारी बँकेचा पहिला मेसेज वाजला तेव्हा आई भाजी निवडत होती. "आला गं," एवढंच म्हणाली.

त्याच दिवशी फोन ब्लॉक केला आणि आधारचं बायोमेट्रिक लॉक केलं, म्हणजे अंगठ्यावर कुणी पैसे काढू शकणार नाही. रेशनला अंगठा लागतो तेव्हा तेवढ्यापुरतं उघडून देते. माझ्या स्वतःच्या नावावर किती नंबर आहेत तेही संचार साथीवर पाहिलं, तर जुन्या डोंगलचं एक सिम निघालं. ते बंद करायला टाकलंय.

वीजबिल अजून बाबांच्या नावावर आहे. सोमवारी महावितरणला जायचं आहे. दाखल्याच्या तीन प्रती आणि ते प्रतिज्ञापत्र पिशवीत भरून ठेवलंय.