चौदाव्या होलचे सहा फटके

पहिल्या गोल्फ स्पर्धेत मी शेवटून दुसरा आलो. दुसऱ्या स्पर्धेत कितवा आलो ते सांगताच येत नाही, कारण निकालाच्या कागदावर माझ्या नावापुढं आकडाच नव्हता. ‘बाद’ एवढंच होतं. आणि बाद मला कुणी केलं नाही. मीच टेबलापाशी जाऊन करून घेतलं.

आमची कोल्हापूरच्या मार्केट यार्डात गुळाची अडत आहे. सकाळी सौदे, दुपारी रव्यांची, म्हणजे गुळाच्या ढेपांची मोजदाद, संध्याकाळी शेतकऱ्यांच्या हिशेबाच्या पट्ट्या. 42व्या वर्षी पाठ धरली, डॉक्टर म्हणाले चालत जा, आणि पुण्याच्या मेहुण्यानं चालायला म्हणून गोल्फ कोर्सवर नेलं. सात नंबरच्या आयर्ननं, म्हणजे लोखंडी टोकाच्या काठीनं मारलेला एक चेंडू, अगदी चुकून, सरळ उंच गेला. झालं. आमच्याकडं लोकांना तालमीचा नाद लागतो, फुटबॉलचा लागतो. मला हा लागला.

सराव कागल रोडला मित्राच्या माळावर. काथ्याचं पायपुसणं टाकायचं आणि त्यावरून मारत राहायचं. शेजारच्या उसात गेलेला चेंडू तोडणी होईपर्यंत विसरायचा. गेल्या हंगामात तोडकऱ्यांनी पिशवीभर चेंडू आणून दिले आणि विचारलं, ‘‘मालक, ह्ये कशाचं बी हाय?’’

खरा खेळ महिन्यातून एकदा, पुण्यात. रात्री दोनला गाडी काढायची, किणी, तासवडे, खंबाटकी करत उजाडायला कोर्सवर. त्या वेळी आबा पाणी प्यायला उठलेले असायचे. काही बोलायचे नाहीत, नुसते बघायचे.

स्पर्धेत उतरायचं तर आधी हँडिकॅप लागतो. एकेक होल म्हणजे चेंडू मारत नेऊन खड्ड्यात घालायचा एकेक टप्पा. असे 18 होलचे तीन राउंड खेळायचे, फटके लिहिलेल्या प्रत्येक कार्डावर सोबतच्या खेळाडूची सही घ्यायची आणि क्लबात द्यायचं. 54 होल भरले की आकडा मिळतो. तो जास्तीत जास्त 54 असू शकतो. माझा 27 निघाला. म्हणजे माझ्या एकूण फटक्यांतून 27 वजा करायचे आणि उरतील ते निकालाला धरायचे. खासबागेत कुस्तीला 70 किलोचा गडी 90 किलोच्या गड्यासमोर कुणी सोडत नाही. इथं सोडतात, आणि वर सूट देतात. हे मला फार आवडलं. काही महाभाग बक्षिसासाठी हँडिकॅप मुद्दाम वाढवून ठेवतात म्हणे. पण 2020 पासूनच्या नव्या पद्धतीत शेवटच्या 20 कार्डांतली सगळ्यात चांगली आठच धरतात, त्यामुळं मुद्दाम वाईट खेळून फार हाती लागत नाही.

पहिल्या स्पर्धेत शॉटगन स्टार्ट होता. सगळे गट एकाच वेळी वेगवेगळ्या होलवरून सुरू करतात. आमच्या वाट्याला सातवा आला. पहिलाच चेंडू उजवीकडं झाडीत. मी खिशातून दुसरा काढला, ‘‘अजून एक मारतो’’ म्हटलं आणि मारला. पुढं गेलो तर पहिला चेंडू झाडीबाहेर स्वच्छ गवतात बसलेला! मी खूश. सोबतचे म्हणाले, तो आता तुमचा नाही. दुसरा मारण्याआधी ‘प्रोव्हिजनल’, म्हणजे पहिला सापडला नाही तरच धरायचा चेंडू, असं स्पष्ट सांगावं लागतं. नुसतं ‘अजून एक मारतो’ म्हटलं की पहिला चेंडू गेला. वर एक फटका दंड. टीवरून, म्हणजे होलच्या सुरुवातीच्या जागेवरून दोनदाच मारलं होतं, पण पुढचा फटका चौथा मोजला गेला. त्या होलला मी नऊ केले. एका शब्दाची किंमत सौद्यात मला माहीत होती, गवतात नव्हती.

घरी आबांनी विचारलं, ‘‘काय रं, किती निघाला सौदा?’’

‘‘118. पण आबा, यात कमी आलं की चांगलं.’’

‘‘मग घरातच बसायचं की. शून्य आलं असतं.’’

दुसऱ्या स्पर्धेत मात्र हात बसला होता. काठ्यांची पिशवी घेऊन सोबत चालणारे कॅडीमामा पोक्त होते. मी चेंडू झाडीत घातला की ते एवढंच म्हणायचे, ‘‘साहेब, आधी बाहेर काढा, मग बघू.’’ चौदाव्या होलवर माझा दुसरा फटका बंकरमध्ये, म्हणजे वाळूच्या खड्ड्यात गेला. तिसऱ्याला नुसती वाळू उडाली, चेंडू वीतभर सरकून तिथंच. चौथ्याला ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या बारीक गवतावर, मग चेंडू घरंगळवत खड्ड्यात घालायला दोन हलके फटके. एकूण सहा. तुमचे फटके तुम्ही नाही, सोबतचा खेळाडू लिहितो. माझं कार्ड पुण्याच्या एका डॉक्टरांकडं होतं आणि ते तेव्हा पलीकडं स्वतःचा चेंडू शोधत होते. त्यांनी पाच लिहिले. शेवटी मी बेरीज पाहिली, 99 बघून हरखलो आणि सही करून कार्ड देऊन टाकलं.

मग पोहे खाताना डॉक्टर म्हणाले, ‘‘चौदाव्याला बंकरमधून एका फटक्यात काढलात, छान होता.’’

खोटं कशाला सांगू, बशी अर्धी होईपर्यंत मी गप्प बसलो. तो फटका माझ्याशिवाय फक्त मामांनी पाहिला होता आणि मामा केव्हाच दुसऱ्या गटाबरोबर गेले होते. मग उठलो. टेबलावरच्या माणसानं शांतपणे सांगितलं: बेरीज करणं कमिटीचं काम, ती चुकली तरी तुमच्यावर येत नाही. पण एखाद्या होलचा आकडा खऱ्यापेक्षा कमी लिहून सही केलीत, तर बाद. जास्त लिहिला असता तर तोच कायम राहिला असता. गंमत म्हणजे सहा लिहिले असते तरी माझा नंबर एकोणिसावाच होता.

दिवसभर दुसऱ्यांचे रवे मोजणारा माणूस, आणि स्वतःचे सहा फटके मोजता आले नाहीत! परतीच्या वाटेवर किणीपर्यंत बायकोचा फोन घेतला नाही.

तेव्हापासून डाव्या खिशात चिंचोके असतात. फटका झाला की एक चिंचोका उजव्या खिशात. होल संपला की मोजायचे, लिहिणाऱ्याला मोठ्यानं सांगायचं, चिंचोके परत डावीकडं. लोक हसतात. हसू देत.

तिसरी स्पर्धा स्टेबलफोर्ड पद्धतीची होती. नव्यानं उतरणाऱ्यानं हीच आधी खेळावी असं माझं मत आहे. यात होलगणिक गुण मिळतात: सूट धरून ‘पार’, म्हणजे त्या होलला ठरवून दिलेले फटके लागले तर दोन, एक फटका जास्त लागला तर एक, एक कमी लागला तर तीन. एखाद्या होलची माती झाली तर चेंडू उचलायचा, शून्य घ्यायचं आणि पुढं जायचं. त्या नऊ फटक्यांचं ओझं दिवसभर वाहावं लागत नाही. 36 गुण झाले म्हणजे माणूस आपल्या हँडिकॅपाप्रमाणं खेळला. माझे 33 झाले. कार्ड देण्याआधी अठराही होल सोबतच्या खेळाडूबरोबर मोठ्यानं वाचले, दोनदा. मागं रांग लागली होती.

रात्री आबांना कार्डाचा फोटो दाखवला. म्हटलं, ‘‘33. यात जास्त आलं की चांगलं.’’

त्यांनी चष्मा वर केला. ‘‘मागल्या खेपंला कमी चांगलं, आता जास्त चांगलं. काटा बदलला व्हय रं?’’

मग पाकिटाच्या पाठीवर पेन्सिलीनं अठरा आकडे एकाखाली एक मांडले, बेरीज केली, खाली रेघ ओढली आणि म्हणाले, ‘‘भरतंय.’’