कांदाटी खोऱ्यातली बेगमी

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही सहाजण पुण्याहून तापोळ्याला पोहोचलो, तेव्हा शिवसागर जलाशय चांगलाच खाली गेला होता. पूर्ण भरल्यावर 105 टीएमसीपर्यंत जाणारे हे कोयनेचे पाणी दिवाळीच्या सुमारास गावांच्या जवळपर्यंत असते आणि लाँच हवी तिथे लागते. उन्हाळ्यात ते मागे सरकते आणि तडकलेल्या गाळातून उरलेला पल्ला पाठीवर ओझे घेऊन पायी काढावा लागतो. आमच्या पाठीवर वह्या, सौरदिवे, वाचनाचे चष्मे आणि पुण्यात गोळा केलेले जुने कपडे होते.

कांदाटी खोऱ्यातले ते गाव म्हणजे डोंगरउतारावरची वीस-बावीस घरे, त्यांतली निम्मी कुलूपबंद. जावळी-महाबळेश्वरच्या या पट्ट्यातले कर्ते पुरुष पिढ्यान्‌पिढ्या मुंबईत माथाडी कामाला जात आले आहेत. मागे राहिलेली माणसे त्या आठवड्यात पावसाळ्याच्या बेगमीत गुंतली होती. लाकूडफाटा रचणे, घर शाकारणे, नाचणी-वरीचे बियाणे निवडणे आणि भाताच्या राबाची भाजावळ, म्हणजे रोपांसाठी जमीन भाजणे, आटोपणे, हे सारे पहिल्या सरीआधी व्हावे लागते, कारण एकदा पाऊस लागला की तो उसंत देत नाही. अशा घाईच्या दिवसांत पाहुणे म्हणून जाणे हीच आमची पहिली चूक होती, पण तसे कोणी बोलून दाखवले नाही. उलट पितळीत भाकरी आणि कुळथाचे पिठले आले.

कपड्यांचे गाठोडे सोडल्यावर मात्र मंडळी गप्प झाली. शेवटी एका काकूंनी शांतपणे सांगितले, "आमच्या मुंबईवाल्यांचीच कापडं खंडीभर पडल्यात. तुमाला न्यायला जड हुईल." जे कपडे आम्ही मोठ्या पुण्यकर्माच्या भावनेने आणले होते, ते आम्ही दुसऱ्या दिवशी तेवढ्याच घामाने परत वाहून नेले.

चष्म्यांची गोष्ट वेगळी. वाकळ शिवत बसलेल्या एका आजींनी एकामागून एक सहा चष्मे लावून पाहिले, प्रत्येकाबरोबर सुई ओवून बघितली आणि एक माझ्या हातात परत ठेवत म्हणाल्या, "ह्यो नगं, ह्यात तू बी धुरकट दिसतुस." दोन नंबरचे चष्मे अर्ध्या तासात संपले, दीड नंबरचे तसेच उरले.

रात्री मात्र खरे काम निघाले. निराधार आणि श्रावणबाळ योजनेच्या कागदांच्या पिशव्या घेऊन म्हातारी माणसे ओटीवर जमली. एका कागदासाठी गाळ तुडवून लाँच गाठायची, तापोळ्याहून पुढे महाबळेश्वरचा 25-30 किलोमीटरचा घाट चढायचा आणि तिथे एक सही राहिली म्हणून हात हलवत परत यायचे, असे दोघांच्या बाबतीत झाले होते. आमच्यातली बँकेत नोकरी करणारी मैत्रीण सौरदिव्याच्या उजेडात साडेअकरापर्यंत अर्ज भरत होती. बाकी आम्ही पाचजण तिला चहा देण्यापलीकडे फारसे उपयोगी नव्हतो.

सकाळी निघताना, रात्रभर गव्यांपासून परसातली भाजी राखून आलेल्या एका दादांना विचारले, पुढच्या वेळी काय आणू? त्यांनी विचार करून माझ्या वहीत लिहायला सांगितले: ताडपत्र्या दोन, दोन नंबरचे चष्मे पाच, आणि "त्या बाईस्नी आणा".