आंबा घाटापलीकडचा बांगडा

कोल्हापुरात आपण बांगड्याचा भाव दहा-वीस रुपयांनी पाडून मागतो आणि विषय संपतो. मासळीचा धंदा करणारे आमचे एक मामा ऑक्टोबरात म्हणाले, "चल एकदा, बघ तरी कुठनं येतो." रिकाम्या क्रेटच्या टेम्पोत बसलो. मलकापूर, आंबा घाट, साखरप्याला चहा, पाली, हातखंबा. उजाडायच्या आत रत्नागिरीचं मिरकरवाडा बंदर.

वर भगवती किल्ला, खाली ट्रॉलर एकमेकांना खेटून उभे. बर्फ फोडायचा कडकडाट, डिझेलचा वास, लिलावाची बोली. मामा बोलीत शिरले, मी एका ट्रॉलरवर चढलो. बोटीचे तांडेल, म्हणजे बोट चालवणारे चाचा, त्यांनी आधी चप्पल काढायला लावली, मग एका पोराला चहा द्यायला सांगितलं.

बोट आठवडाभर पाण्यात असते. जाळं टाकायचं, दोन-तीन तास ओढत न्यायचं, वर घ्यायचं, मासळी निवडून बर्फात घालायची, की पुन्हा जाळं. दिवस-रात्र हेच. झोप मधल्या फटीत, तासा-दीड तासाची. गोडं पाणी प्यायला आणि भाताला. अंघोळ खाऱ्या पाण्याची. खलाशांतली बरीच पोरं नेपाळची. ज्या देशाला समुद्रच नाही तिथली पोरं अरबी समुद्रात जाळी ओढतात, हे काही माझ्या डोक्यातनं जाईना.

मी अर्थातच वादळाचं विचारलं. नोव्हेंबर २००९ चं फयान चाचांना लख्ख आठवतं. "पण आता वादळाची खबर आधी लागते. बंदरावर धोक्याचा तीन नंबरचा बावटा लागला की कोण जातंय? दोर खबर देत नाही." जाळं ओढायच्या यंत्रावर, विंचवर, ताणलेला दोर तुटला तर माणूस आडवा होतो, आणि जाळं सुटताना दोराच्या वेढ्यात पाय असला तर जाळ्याबरोबर माणूसही जातो. अर्धवट झोपेत तो वेढा कोण बघणार? बोटीवर संडास नाही. रात्री मागच्या टोकाला दोर धरून बसायचं. तिथनं हात सुटला तर इंजिनाच्या आवाजात हाक ऐकू येत नाही, आणि माणूस कमी आहे हे पुढचं जाळं ओढताना कळतं. शिवाय मोठी मालवाहू जहाजं. त्यांना ही लाकडी बोट अंधारात दिसेलच असं नाही. पाकट आणि शिंगाळा या माशांचा काटा तर खलाशी मोजतही नाहीत.

लाइफ जॅकेटं होती. केबिनमध्ये, प्लास्टिकच्या पिशवीत. "घालून काम सुचत नाय," एक खलाशी म्हणाला. मला हे पटलं नाही, पण सोळा तास जाळं ओढणाऱ्याला मी काय सांगणार? १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, तेव्हा ही पोरं घरी जातात. मग आगाऊ पैशांची उचल घेऊन पुन्हा हजर.

नोंदणी असलेल्या मच्छीमाराचा अपघाती मृत्यू झाला तर केंद्राच्या योजनेत पाच लाखांचा विमा आहे. पण समुद्रात गेलेल्याचा देह मिळाला नाही तर? बेपत्ता माणूस मेला असं कायदा साधारण सात वर्षांनी धरतो. तोवर घरच्यांनी कागद गोळा करत बसायचं.

बोटीवर कोण कोण आहे त्याची यादी असते का, असं मी विचारलं. चाचांनी केबिनमधला पत्र्याचा डबा उघडून कागद दिला. नावं होती, पण गेल्या हंगामातली. मला चहा देणाऱ्या पोराचं नाव त्यात नव्हतं.

"घालायचंय," चाचा म्हणाले, "आधी डिझेल भरून होऊ दे."