सोळाशे चिठ्ठ्या

आमच्या वेळी कॉलेजात विद्यार्थी साडेतीनशे आणि कामं मात्र हजार मुलांची. त्यामुळे ‘मला जमणार नाही’ हे वाक्य आमच्या सरांनी कधी पुरतं ऐकूनच घेतलं नाही. सातवा गडी मिळेना म्हणून मी कबड्डी खेळलो. हवालदाराची टोपी माझ्याच डोक्याला बसली म्हणून एकांकिकेत हवालदार झालो. एनएसएसच्या शिबिरात ओहोळावर वाळूची पोती रचून बंधारा घातला. त्या बंधाऱ्याचं पुढे काय झालं माहीत नाही, माझी कंबर मात्र अजून आठवण काढते.

मी १९८४ साली गोव्यातल्या डिचोली तालुक्यातून कॉलेजात आलो. आमच्या आधीच्या पोरांनी १९७८-७९ मध्ये रस्त्यावर उतरून मिळवलेलं विद्यार्थ्यांचं बसचं हाफ तिकीट आम्ही आयतं वापरत होतो आणि तरीही क्लीनरशी भांडत होतो. ‘फुडें वच रे, फुडें’ असं ओरडत तो आम्हाला पार ड्रायव्हरच्या मांडीपर्यंत ढकलायचा. दिवाळीनंतर जत्रांचा मोसम सुरू झाला की वर्ग ओस पडायचे. गावच्या देवळासमोर रात्रभर मराठी नाटक, त्यात कुणी नायक, कुणी प्रॉम्प्टर, आणि सकाळी आठच्या तासाला सगळे डोळे चोळत किंवा गैरहजर. डोळ्यांखाली रंग राहिलेला दिसला की सर हजेरी लावून टाकायचे. कॉलेजच्या एकांकिकेला नट कधी कमी पडले नाहीत ते या जत्रांमुळे. पडदा ओढायला माणूस मिळायचा नाही, ही वेगळी गोष्ट.

पण मला सांगायचंय ते १९८६-८७ च्या वार्षिकांकाबद्दल. त्या वर्षी मी मराठी विभागाचा संपादक होतो. निवडणूक वगैरे काही नाही, आधीचा संपादक पास होऊन गेला आणि वाङ्मय मंडळाच्या कपाटाची किल्ली माझ्याकडे होती, एवढंच. कोकणी विभागाची संपादिका माझ्याच वर्गातली. दोघांना मिळून एक टेबल, एक खुर्ची आणि एक स्टूल. खुर्ची तिची.

ते वर्ष कसलं होतं हे त्या काळातल्या गोंयकाराला सांगायला नको. गोव्याची राजभाषा मराठी की कोकणी, हा वाद पेटलेला. डिसेंबरात दंगली झाल्या, बसेस बंद, कॉलेज बंद. कँटीनमध्ये पातळ भाजी-पाव खाताना टेबलं वाटली गेली होती. मी हट्टानं मराठीवाला, ती हट्टानं कोकणीवाली. आमची भांडणं रोजची, आणि ती सगळी कोकणीतून. मराठीची बाजू मी कोकणीतून इतकी पोटतिडकीनं मांडायचो की एकदा ती हसत सुटली. मला कळेना का हसते. आईशी कोकणी, पत्र मराठीत, देवाची आरती मराठीत, शिवी कोकणीत. यात काही विचित्र आहे असं तोवर वाटलंच नव्हतं.

अंक पणजीच्या एका लहान छापखान्यात होता. खिळे, म्हणजे धातूची सुटी अक्षरं, जुळवून छपाई. खिळे पुरेसे नसल्यामुळे चार पानं जुळवायची, छापायची, मग खिळे सोडवून पुढची चार. ५ जुलै १९८६ ला मांडवीवरचा पूल कोसळल्यापासून पणजी म्हणजे बेतीची फेरीबोट, आणि फेरीबोट म्हणजे रांग. प्रुफं मी त्या रांगेत उभ्या उभ्याच तपासायचो. जुळारी मात्र वाकबगार माणूस. मजकुरात माझ्यापेक्षा कमी चुका करायचा.

मराठीची शेवटची चार पानं झाली आणि कोकणीची पहिली चार जुळवायला घेतली. मजकूर बदलला, पण पानाच्या डोक्यावरची ‘मराठी विभाग’ ही ओळ जुळवलेली तयार होती, ती तशीच राहिली. दोन्हीकडे देवनागरीच, जुळाऱ्याच्या डोळ्याला काय खटकणार? खटकायला हवं होतं मला. ती तापानं घरी होती, म्हणून तिचंही प्रूफ मीच पाहिलं. काळोख पडलेला, बोटीच्या मिणमिणत्या दिव्याखाली प्रत्येक ओळ वाचली, अनुस्वार तपासले, पानाच्या डोक्याकडे बघितलंच नाही. खाली लिहिलं, ‘छापा’, आणि सही.

अंक बांधून आला तेव्हा राजभाषा विधेयक ४ फेब्रुवारीला मंजूर होऊन आठवडासुद्धा झाला नव्हता. तिनं कोकणीचं पहिलं पान उघडलं. स्वतःची कविता, वर ‘मराठी विभाग’. मला वाटलं आता अंक माझ्या डोक्यात बसणार. ती एवढंच म्हणाली, “तुज्या मराठींत म्हजी कविता कितें करता रे?”

प्राचार्यांचा चेहरा पांढरा पडला. हे कुणी मुद्दाम केलं असं बाहेर पसरलं असतं तर खिडक्यांच्या काचा गेल्या असत्या. फेरछपाईला पैसे नव्हते. तेव्हा ‘कोकणी विभाग’ अशा चिठ्ठ्या छापून चिकटवायचं ठरलं. चारशे प्रती, प्रत्येकी चार पानं. सोळाशे चिठ्ठ्या.

कँटीनच्या मामांनी भाजीचं टोप घासून दिलं. त्यात मैद्याची खळ शिजवली, कीड लागू नये म्हणून चिमूटभर मोरचूद घातलं आणि ‘ह्या टोपाक कोणे तोंड लावचें न्हय’ असं खडूनं लिहून ठेवलं. दुपारी दोनपासून बसलो. आधी आम्ही दोघंच. मग तिच्या टेबलावरचे आले, मग माझ्या टेबलावरचे, कारण काम दिसतंय आणि मुलं तर तेवढीच. कात्रीवरून भांडण झालं, भाषेवरून झालं नाही; वेळच नव्हता. रात्री साडेआठला शेवटची प्रत झाली तेव्हा शेवटची बस गेलेली होती. आठजण एनएसएसच्या सतरंज्यांवर झोपलो. मुलींना मामांनी आपल्या टेम्पोतून घरोघर सोडलं.

या स्मरणिकेसाठी लिहायचं म्हणून परवा तो अंक पेटीतून काढला. आपल्या पावसात मोरचुदाचाही इलाज चालत नाही. उघडल्याबरोबर तीन चिठ्ठ्या गळून मांडीवर पडल्या आणि खालून ‘मराठी विभाग’ जसाच्या तसा. चौथी अजून घट्ट आहे, पण वाकडी. ती मी लावलेली असणार. तिच्या हातच्या सरळ असायच्या.